पिल्लू कापायच्या आधी आईची मुळं बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर पूर्वेची गॅलरी आहे, दोन वर्षांपूर्वी आणलेल्या जांभळ्या डेंड्रोबियम ऑर्किडच्या एका केनवर, म्हणजे उसासारख्या उभ्या खोडावर, शेंड्याकडे छोटं रोप फुटलंय, त्याला मुळंही सुटलीयत, तर ते कापून वेगळी कुंडी कशी करायची. दुसरं म्हणजे भेट मिळालेलं पांढरं फॅलेनॉप्सिस ऑर्किड आहे, त्याची फुलं गळली, आता नुसती पानं उरलीत, ठेवायचं का टाकायचं. आणि तिसरं, ऑनलाइन मागवलेल्या निळ्या ऑर्किडच्या बिया दोन महिने झाले तरी उगवत नाहीत. मी ठाण्यात अठरा वर्षं ऑर्किड वाढवतेय, आधी गॅलरीत आणि आता गच्चीवर शेडनेटखाली, त्यामुळे तुमच्यासारख्याच हवेतला अनुभव आहे, सविस्तर सांगते.

पिल्लाचं आधी. त्याला केकी म्हणतात, हवाई बेटांवरच्या भाषेतला शब्द आहे, अर्थ बाळ. सगळ्यांना केकी दिसली की आनंद होतो, मलाही व्हायचा, पण आता मला केकी दिसली की मी पहिल्यांदा कुंडी उचलून खाली बघते. कारण तुमच्याकडे आहे तसलं डेंड्रोबियम, म्हणजे ज्याला लांब दांड्यावर ओळीने फुलं येतात ते, धडधाकट असताना सहसा केनच्या डोळ्यातून फुलाचा दांडा काढतं, आणि त्याच जागी रोप काढायला लागलं तर बऱ्याचदा खाली मुळं कुजलेली असतात. झाडाला खालून पाणी मिळेनासं झालं की ते वरच्या डोळ्यांतून नवीन रोप आणि नवीन मुळं काढून जगायचा प्रयत्न करतं. नेहमीच असं असतं असं नाही, नायट्रोजनवालं खत जास्त झालं किंवा फुलाच्या दिवसांत पाणी खूप झालं तरी केकी येतात, नोबिल जातीच्या डेंड्रोबियममध्ये तर हे हमखास होतं. पण तुम्ही लिहिलंय की मागच्या पावसाळ्यानंतर नवीन केन आधीच्यापेक्षा बारीक आली आणि फूल एकदाही आलं नाही, त्यावरून मला तरी मुळांचाच संशय येतो.

म्हणून आज-उद्या एक करा, झाड कुंडीतून अलगद बाहेर काढा. प्लॅस्टिकची कुंडी असेल तर बाजूने दाबून सैल करा, मातीची असेल आणि मुळं चिकटली असतील तर अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा म्हणजे सुटतात. मग एकेक मूळ बोटांच्या चिमटीत धरून दाबून बघा. कडक लागलं तर जिवंत, रंग पांढरा असो, हिरवा असो नाहीतर थोडा पिवळट, काही फरक पडत नाही. दाबल्यावर पचपचीत लागलं, साल सुटून हातात आली आणि आत दोऱ्यासारखी तार उरली, तर ते मेलेलं. हे दाबून बघणं ज्याला जमलं त्याला ऑर्किड जमलं असं मी खरंच मानते, कारण पानं सगळं उशिरा सांगतात, पान सुरकुतेपर्यंत मुळं महिना-दोन महिने आधीच गेलेली असतात. आणि सुरकुतलेलं पान बघून माणूस काय करतो, अजून पाणी घालतो, मग उरलेली चार मुळंही जातात. माझी पहिली सहा-सात झाडं मी अशीच घालवली, रोज संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर मायेने पाणी घालून.

असं का होतं ते एकदा समजून घेतलं की बाकीचं आपोआप जमतं. ही झाडं मूळची झाडांच्या फांद्यांवर वाढणारी, जमिनीत नाहीच. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखं एक पांढुरकं आवरण असतं, व्हेलामेन म्हणतात त्याला, मेलेल्या पेशींचंच असतं पण काम मोठं करतं, पावसाची सर आली की झटकन पाणी शोषून घेतं, आणि मग वाऱ्यावर हळूहळू सुकतं. कोरडं असताना चंदेरी दिसतं आणि ओलं झालं की आतला हिरवा रंग दिसायला लागतो, पाणी घालायचं की नाही हे या रंगावरूनच ठरवायचं. भिजणं, सुकणं, परत भिजणं, ही त्या मुळाची सवय आहे. सतत ओलं राहिलं तर त्याला हवा मिळत नाही आणि ते कुजतं. तेव्हा कुंडीत आपण जे भरतो ते झाडाला खायला घालायला नसतं, ते नुसतं धरून ठेवायला आणि थोडा ओलावा राखायला असतं. माती तर घालायचीच नाही, आणि नुसतं कोकोपीट पण नाही, ते मातीपेक्षा जास्त पाणी धरतं.

आपल्याकडे म्हणजे मुंबई-ठाणे-कोकण पट्ट्यात हवाच दमट असते, तिथे मी लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि थोडे नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरते. कोळसा लाकडाचाच हवा, दगडी कोळसा नको, आणि बार्बेक्यूसाठी पाकिटात मिळतात त्या दाबून केलेल्या गोळ्या पण नकोत. तुकडे साधारण सुपारीएवढे, कुंडी मोठी असेल तर थोडे मोठे. वीट फोडून घ्यायची, धूळ धुवून टाकायची, सगळंच रात्रभर पाण्यात भिजवून मग वापरायचं. सोडणाचे तुकडे दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा, तांबडं पाणी निघतं ते जायला हवं, त्यात क्षार पण असतात. आणि सोडण दोनेक वर्षांत कुजतं, तेव्हा बदलावंच लागतं, कोळसा-वीट मात्र वर्षानुवर्षं टिकते. पुणे, नाशिक, नगर बाजूला हवा कोरडी असते तिथे सोडणाचं प्रमाण वाढवा, थोडा स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं सुकं शेवाळ, घाला. नागपूरकडे उन्हाळ्यात तेवढ्यानेही भागत नाही, तिथे झाडं कूलरच्या आसपास पण थेट झोताखाली येणार नाहीत अशी ठेवावी लागतात, माझी नणंद तिकडे असंच करते आणि तिची डेंड्रोबियम छान आहेत.

आता मुळं बघून झाली की पुढे दोन शक्यता. मुळं कडक आणि भरपूर असतील तर झाड परत ठेवून द्या, केकीची घाई नाही. मुळं कुजलेली असतील तर मेलेली सगळी कापून टाका, कुंडीत भरलेला जुना ओला झालेला माल फेकून द्या, नवीन कोळसा-विटेत बसवा, आणि कुंडी लहान घ्या. इथे सगळे चुकतात, झाड वाढावं म्हणून मोठी कुंडी घेतात. मोठ्या कुंडीच्या मध्यभागी ओल राहते आणि परत तेच होतं. डेंड्रोबियमला अगदी घट्ट वाटेल अशी कुंडी आवडते, चार-पाच केनचं झाड चार-पाच इंची कुंडीत खुशाल राहतं, पुढच्या दोन वर्षांत येणाऱ्या केनपुरती जागा समोर ठेवली की झालं. केन उंच असतात आणि कुंडी हलकी, त्यामुळे झाड डुलतं, आणि डुललं की नवीन मुळांची कोवळी टोकं घासून मरतात, म्हणून एक बांबूची काडी रोवून केन तिला बांधा. हे बांधणं फार महत्त्वाचं आहे.

आणि हो, पानं गळलेल्या जुन्या केन कापू नका. तुम्ही लिहिलंय की दोन उघड्या काड्या वाळल्यासारख्या दिसतात म्हणून काढायचा विचार आहे. हिरव्या-पिवळट आणि टणक असतील तर राहू द्या, त्यात साठवलेलं पाणी आणि अन्न असतं, नवीन केन त्याच्यावरच वाढते, आणि कधीकधी तीन वर्षं जुन्या उघड्या केनलाही फूल येतं. पूर्ण तपकिरी, पोकळ झाली तरच काढा.

केकी कधी कापायची? तिला स्वतःची तीन-चार मुळं हवीत, दोन-तीन इंच लांब झालेली, आणि तिची स्वतःची छोटी केन आणि दोन-चार पानं हवीत. तुम्ही लिहिलंय मुळं अर्धा इंच आहेत, म्हणजे अजून लवकर आहे. लवकर कापलेली केकी मरत नाही बऱ्याचदा, पण वर्षभर तशीच बसून राहते, आईवर असती तर तेवढ्या काळात दुप्पट झाली असती. आईची मुळं गेलेली असली तरी केनमध्ये साठा असतो, तो केकीला मिळतो, म्हणून राहू द्या. फक्त तिच्या मुळांवर रोज सकाळी पाण्याचा फवारा मारा. आता मे संपत आलाय, मृगाचा पाऊस सुरू झाला, हवा ओलसर झाली की मुळं भराभर धावतील, जुलैच्या मध्यावर कापा. पावसाळ्याची सुरुवात ते श्रावण हा आपल्याकडे डेंड्रोबियमची केकी लावायचा सगळ्यात चांगला काळ, मुळांची टोकं हिरवी-लुसलुशीत वाढती असतात आणि नवीन जागी लगेच चिकटतात. डिसेंबरात लावलेली मात्र फेब्रुवारीपर्यंत जागची हलत नाही.

कापायचं कसं ते सांगते. दाढीचं नवीन ब्लेड घ्या, किंवा कटर असेल तर गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून गार करून घ्या. याबाबतीत मी फार कडक आहे, एका झाडाला एक ब्लेड, दुसऱ्या झाडाला लावायचं तर परत तापवायचं. ऑर्किडमध्ये व्हायरस असतात, सिम्बिडियम मोझॅक नावाचा तर फार पसरलेला आहे, तो रसातून ब्लेडवर आणि ब्लेडवरून पुढच्या झाडात जातो, आणि त्याला औषध नाही. झाड मरत नाही लगेच, पण पानांवर डाग पडतात, फुलं डागाळतात, आणि ते एक झाड तुमच्या सगळ्या झाडांना देतं. मी एका वर्षी एकाच कात्रीने सगळी छाटणी केली होती आणि पुढच्या दोन वर्षांत नऊ झाडं जाळून टाकावी लागली, त्यात एक कॅटलिया होती जी मला अजून परत मिळालेली नाही.

केकीच्या बुडाशी, जिथे ती केनला चिकटलीय तिथे कापा, किंवा केन जुनीच असेल तर केकीच्या वर-खाली अर्धा इंच केनचा तुकडा ठेवून कापा, ते जास्त सुरक्षित. कापलेल्या दोन्ही जागांवर हळद लावा, आपली घरातली हळद, किंवा साफ नावाची बुरशीनाशक पावडर मिळते ती. दालचिनीची पूड पण चालते, पण ती मुळांवर पडू देऊ नका, दालचिनी मुळं सुकवते, फक्त जखमेवर. मग तीन इंची कुंडी किंवा प्लॅस्टिकचा पारदर्शक ग्लास घ्या, तापवलेल्या खिळ्याने बुडाला आणि बाजूंना भरपूर भोकं पाडा, बारीक कोळसा आणि वर मॉसची अगदी पातळ चादर. मुळं आधी पाच-दहा मिनिटं पाण्यात ठेवा म्हणजे लवचिक होतात आणि वाकवताना मोडत नाहीत. केकीचं बूड मालाच्या वरच राहिलं पाहिजे, पुरायचं नाही, फक्त मुळं आत. काडीला बांधा. तीन-चार दिवस पाणी नाही, नुसता फवारा, मग हळूहळू सुरू. पारदर्शक ग्लासचा फायदा असा की मुळं दिसतात, चंदेरी झाली की पाणी, हिरवी आहेत तोवर नाही. एका ग्लासात दोन केकी लावल्या तरी चालतात. फूल यायला साधारण दीड-दोन वर्षं.

गावाला घर असेल तर अजून एक सांगते, मला स्वतःला ही पद्धत सगळ्यात आवडते. आमच्या चिपळूणजवळच्या घरी मी केकी थेट आंब्याच्या झाडाला बांधते. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, फांदीच्या बेचक्यात किंवा खोडावर जिथे सकाळचं ऊन येतं आणि पावसाचं पाणी वाहतं पण साचत नाही, तिथे जुन्या सुती साडीच्या पट्टीने घट्ट बांधायची, खाली थोडं सोडण ठेवायचं. पट्टी वर्षभरात कुजून पडते, तोवर मुळांनी साल पकडलेली असते. आंबा, चाफा, नारळाचं खोड, सगळं चालतं. पेरू आणि निलगिरी नको, त्यांची साल सोलून गळते, त्याबरोबर ऑर्किडही खाली येतं. एकदा पकडलं की पावसाळ्यात बघायला लागत नाही, फक्त मार्च ते मे आठवड्यातून दोनदा पाईप मारायचा. माझ्या सगळ्यात चांगल्या फुलांच्या माळा त्या आंब्यावरच्या आहेत, गच्चीवरच्या नाहीत.

केकीशिवाय वाढवायचं तर विभागणी. डेंड्रोबियम, ऑन्सिडियम, कॅटलिया ही आडवी सरकत वाढणारी झाडं, जमिनीलगत एक आडवा जाड दांडा असतो आणि त्यातून ओळीने केन किंवा बल्ब, म्हणजे कांद्यासारख्या फुगीर गाठी, येतात. सहा-आठ केन झाल्या की दोन भाग करता येतात, प्रत्येक भागात निदान तीन, शक्यतो चार केन हव्यात, एक-एक केनचे तुकडे केले तर चार वर्षं फुलाची वाट बघाल. मी काय करते, एकदम उपटून तोडत नाही. झाड कुंडीतच ठेवून आडवा दांडा तापवलेल्या ब्लेडने मधोमध कापते, हळद लावते आणि तसंच सोडून देते. मागचा भाग पुढच्यापासून तुटला की त्याचे झोपलेले डोळे जागे होतात, दोन-तीन महिन्यांत मागूनही कोंब येतो. त्या कोंबाला मुळं सुटायला लागली की मग दोन्ही वेगळे करायचे. घाईने केलेल्या विभागणीत मागचा भाग बऱ्याचदा नुसता बसून वाळतो, या पद्धतीत मला तरी जवळजवळ सगळे जगलेत.

नोबिलच्या जुन्या केनचे तुकडेही लावता येतात, दोन-तीन पेरांचे तुकडे करून टोकांना हळद लावून ओलसर, नीट पिळलेल्या मॉसवर आडवे ठेवायचे, झाकणाच्या पारदर्शक डब्यात, सावलीत. दोन-तीन महिन्यांत डोळ्यांतून केकी येतात. तुमच्या जातीत हे कमी यशस्वी होतं, पण मुळं पूर्ण गेलेलं झाड वाचवायचं असेल तर शेवटचा उपाय म्हणून करा.

वांडा जातीचं ऑर्किड असेल कुणाकडे तर ती सरळ वर वाढते, खालची पानं गळून लांब उघडं खोड राहतं, तेव्हा वरचा भाग तीन-चार चांगल्या मुळांसकट कापून नवीन टांगायचा, आणि खालचं खोड टाकायचं नाही, त्याला बाजूने पिल्लं फुटतात. तिला मालच लागत नाही, नुसत्या टोपलीत टांगा, पण रोज पाणी हवं आणि भरपूर उजेड, म्हणून गॅलरीत नवख्याने वांडा घेऊ नये असं माझं मत आहे.

आता बिया. ताई, तुमचे पैसे गेले, वाईट वाटतं सांगायला, पण परत मागवू नका. ऑर्किडची बी धुळीएवढी असते, एका शेंगेत हजारो-लाखो, हातात घेतली तर पिठासारखी उडते. तुम्हाला मिळालेल्या बिया मोहरीएवढ्या काळ्या आहेत म्हणता, त्या ऑर्किडच्या नाहीतच. आणि खरी बी मिळाली तरी कुंडीत उगवत नाही, कारण तिच्यात रोपासाठी अन्नाचा साठाच नसतो, गव्हाच्या दाण्यात जसं पीठ असतं तसं काही नाही. रानात एक विशिष्ट बुरशी त्या बीला अन्न पुरवते तेव्हा ती रुजते, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1899 मध्ये ओळखलं. मग 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी दाखवलं की बुरशीशिवायही निर्जंतुक बाटलीत साखर आणि क्षार घातलेल्या अगारच्या जेलीवर बी रुजवता येते, आजही बियांपासूनची ऑर्किड अशा बाटल्यांमधूनच येतात. घरच्या स्वयंपाकघरात हे होत नाही, बाटलीत आधी बुरशीच येते. पुढे 1960 मध्ये फ्रान्समध्येच जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून सिम्बिडियमची रोपं केली, आणि त्या टिश्यू कल्चरमुळेच आज तेच एक जांभळं-पांढरं डेंड्रोबियम घरोघरी दिसतं. तुम्हाला बाटलीतल्या रोपांची हौस असेल तर नर्सरीतून फ्लास्क मिळतात, पण ते दोन-चार वर्षं झाडं सांभाळल्यानंतर.

निळ्या रंगाबद्दल पण सांगून ठेवते. बाजारात जे गडद शाईसारखं निळं फॅलेनॉप्सिस मिळतं ते पांढऱ्या झाडाच्या दांड्यात रंग सोडून केलेलं असतं, पुढच्या वेळी फुलं पांढरीच येतात. निळसर जांभळी फुलं खरी हवी असतील तर ती वांडामध्ये आहेत, ईशान्य भारतातली वांडा सेरुलिया आणि तिचे संकर.

आणि एक मनापासून विनंती, रानातून आणू नका. आपल्या सह्याद्रीत सुंदर ऑर्किड आहेत, आमरी म्हणतो आपण, सीतेची वेणी आहे, पावसाच्या तोंडावर फुलणारे एरिडिस आहेत, फेब्रुवारीत पांढऱ्या फुलांनी भरणारं डेंड्रोबियम बार्बाट्युलम आहे. ट्रेकला गेलेली माणसं फांदीसकट उपटून आणतात, आणि फ्लॅटमध्ये ते वर्षभरात मरतं, कारण त्याला चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने कोरडा वारा आणि ऊन लागतं, ते गॅलरीत मिळत नाही. जगातली सगळीच ऑर्किड साइट्स (CITES) या रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत ती उगाच नाही. बघायची तर तिथेच बघा, फोटो काढा. विकत घ्यायला संकरित झाडं भरपूर आहेत, पुण्याला एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन असतं, मुंबईत राणीच्या बागेतलं असतं, तिथे निदान झाड हातात घेऊन मुळं बघून घेता येतं.

पाण्याचं थोडं सांगते, कारण डोंबिवलीला उन्हाळ्यात तुमच्याकडेही टँकर येत असेल. नळाचं धरणाचं पाणी चालतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी मात्र मुळांची टोकं काळी पाडतं, कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो तो तोच. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, दोनशेच्या खाली असेल तर निश्चिंत वापरा. जास्त असेल तर त्या दिवसांत आरओचं शुद्ध झालेलं पाणी निम्मं मिसळा, आरओमधून बाहेर फेकलं जातं ते पाणी मात्र कधीही नाही, त्यात क्षार अजून जास्त असतात. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम, बादल्या भरून ठेवा. पाणी सकाळीच घाला, दहाच्या आत, म्हणजे रात्रीपर्यंत पानांचे कोपरे सुकतात.

खत म्हणजे एकोणीस-एकोणीस-एकोणीस, म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅश सारखंच असलेलं, कृषी सेवा केंद्रात मिळतं, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, नवीन केन वाढत असताना. आधी साधं पाणी घालून मुळं ओली करा, मग खत. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी नीट धुवून काढा. तांदळाचं पाणी, केळ्याच्या साली, चहाचा चोथा, गूळ, हे तुळशी-जास्वंदीला घाला हवं तर, ऑर्किडला नको, कोळशात अडकून कुजतं, मुंग्या आणि चिलटं येतात, मुंग्यांच्या मागोमाग मिलीबग, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, येतो. मिलीबग दिसला तर कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून पुसून काढा, आठ दिवसांनी परत, फुलांवर लावू नका. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येऊन मुळांची टोकं खातात, टॉर्च घेऊन उचलायच्या, दुसरा सोपा उपाय मला सापडलेला नाही.

उजेडाचं पानावरून कळतं. पान गडद बाटलीहिरवं असेल तर उजेड कमी आहे आणि फूल येणार नाही, पोपटी असेल तर बरोबर, लालसर झाक आली तर हद्द झाली. तुमच्या पूर्वेच्या गॅलरीत डेंड्रोबियम अगदी रेलिंगजवळ टांगा, सकाळचं ऊन थेट मिळू दे. फॅलेनॉप्सिस मात्र त्याच्या मागे, सावलीत.

आता त्या फॅलेनॉप्सिसचं, टाकू अजिबात नका. फुलं गळणं हे त्याचं नेहमीचं चक्र आहे, दोन-तीन महिने फुललं म्हणजे भरपूर फुललं. आधी ती चिनी मातीची शोभेची कुंडी काढा, तिला खाली भोक नसतं आणि तळाशी पाणी साचतं. आतल्या प्लॅस्टिकच्या कुंडीतून झाड काढून मुळांच्या मधोमध बघा, बऱ्याचदा मॉसचा एक घट्ट गोळा तसाच असतो, रोप लहान असतानाचा, बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि आत तो गोळा पंधरा दिवस ओला राहतो. बोटांनी हळूच उकलून काढून टाका आणि कोळसा-सोडणात बसवा. बर्फाचे खडे ठेवून पाणी द्यायचा सल्ला दिसतो सगळीकडे, तो ऐकू नका, उष्ण कटिबंधातलं झाड आहे. फुलाचा दांडा हिरवा असेल आणि झाडाला चार-पाच चांगली पानं असतील तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापा, कधी तिथून दुसरा दांडा फुटतो, कधी केकी, आणि केकी आली तर वर सांगितलेलंच सगळं लागू. पानं तीनच असतील तर दांडा बुडापासून काढा, झाडाला आधी ताकद येऊ द्या.

पावसाळ्यात त्याला पावसात ठेवू नका. त्याचा शेंडा खोलगट असतो, तिथे पाणी साचून एका रात्रीत कुजतं, मधलं पान हातात निघून येतं, आणि शेंडा एकच असतो त्यामुळे झाड तिथेच थांबतं. चुकून पाणी गेलंच तर टिश्यू पेपरची वळकटी करून टिपून घ्या. तरीही शेंडा गेला आणि मुळं चांगली असतील तर फेकू नका, कोरड्या जागी ठेवा, काही झाडं बुडाशी नवीन पिल्लू काढतात, माझ्या एकाने सात महिन्यांनी काढलं होतं.

फूल येण्यासाठी त्याला थंडीची चाहूल लागते, तीन-चार आठवडे हवा पंचवीस अंशांच्या आसपास किंवा खाली राहिली की दांडा सुटतो. म्हणून दिवाळीनंतर त्याला घरात घेऊ नका, रात्री खिडकीतच राहू दे. डिसेंबरात पानाखालून काहीतरी हिरवं डोकावेल तेव्हा घाईने मूळ समजून कुंडीत वळवू नका, दोन-चार दिवस थांबा. टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असेल आणि खाली झुकत असेल तर मूळ. टोक चपटं असेल, मधे खाच असल्यासारखं, आणि वर उजेडाकडे वळायला लागलं, तर तो दांडा. तिथून पुढे कुंडी फिरवू नका, एकाच बाजूने उजेड मिळू दे, म्हणजे फुलं सगळी एका ओळीत तुमच्या खोलीकडे नाहीतर खिडकीकडे तोंड करून येतील.